मातृत्व, वैद्यक आणि पंडिता रमाबाई

गोदाकाठचे गंगाखेड मराठी माणसाला परिचित आहे ते संत जनाबाईचे जन्मगाव म्हणून. दळणकांडण, पाणी आणि शेणगोठा यांत जिचा दिवस सरत असे, त्या नामयाच्या दासीच्या जात्याला हात लावण्यासाठी प्रत्यक्ष विठ्ठल येत असे, अशी परंपरेची श्रद्धा आहे. या कथेतील भक्तीचा भाग घटकाभर बाजूस ठेवला, तरी तिच्यात व्यवहाराचे एक सत्य उरतेच. ज्या बाईचे हात घरकामात गुंतलेले आहेत तिच्या मनाला दुसरीकडे झेप घ्यावयाची असेल, तर तिच्या वाटचे जाते कोणीतरी ओढावेच लागते. जनाबाईला विठ्ठल भेटला. परंतु पदरी मूल असताना शिकू पाहणाऱ्या, आणि त्यातही वैद्यकासारखी वेळ व शरीर दोन्ही शिणविणारी विद्या शिकू पाहणाऱ्या स्त्रीचे जाते कोणी ओढावयाचे? हा प्रश्न आजच्या सुशिक्षित घरांत विचारला जातो तो बहुधा कुजबुजीच्या स्वरात. महाराष्ट्रात तो पहिल्याने जिने आपल्या आयुष्यावर ओढवून घेतला ती स्त्री डॉक्टर झाली नाही. पंडिता रमाबाई हे तिचे नाव. तिच्या चरित्रातील विद्वत्ता, धर्मांतर आणि समाजसेवा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एका लहान मुलीची आई म्हणून आणि वैद्यकाच्या दारापाशी अडलेली विद्यार्थिनी म्हणून मात्र तिचा विचार क्वचितच होतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे व्यासंगी पंडित. स्त्रीला संस्कृत शिकविणे हे पाप मानले जात असताना त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली आणि त्यापायी जातभाईंचा रोष पत्करला. पुढे लक्ष्मीबाईंनीच रमेला शिकविले. दिवसभर संसाराचा, विद्यार्थ्यांचा आणि अतिथींचा राबता असे. म्हणून ही माउली पहाट होण्यापूर्वी मुलीला उठवी, अर्धवट झोपेत असलेल्या तिला जवळ घेई आणि पाठ देई. पक्षी जागे झाले की पाठ संपे आणि घरकाम सुरू होई. आईपण आणि विद्या यांची सांगड घालावयाची तर ती झोपेतून वेळ काढूनच, हा धडा रमाबाईंना असा बाळपणीच मिळाला. आपला पुढे गाजलेला इंग्रजी ग्रंथ त्यांनी या मातेच्याच स्मृतीस अर्पण केला, ते सर्वथा उचित होते.

हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात प्रथम वडील, मागोमाग आई आणि थोरली बहीण यांचे निधन झाले. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा, असा तो विवाह होता. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार झाला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या विकाराने बिपिनबाबू दगावले. मूल वर्षाचेही झाले नव्हते. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या.

त्या काळच्या रीतीप्रमाणे आता या विधवेचे आयुष्य संपले होते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुली माता होत आणि पंचविशीत प्रौढ मानल्या जात, त्या समाजात तेविसाव्या वर्षी नव्या विद्येचा श्रीगणेशा करणे म्हणजे फार उशिरा जागे होणे होते. रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन १८८२ साली पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि इंग्रजी शिकावयास प्रारंभ केला. त्याच वर्षी सप्टेंबरात हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका हव्यात, हे तर त्यांनी सांगितलेच, परंतु त्याहून आग्रहाने त्यांनी स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. पुरुषापुढे आपले दुखणे उघड करण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या असंख्य स्त्रिया या देशात केवळ उपचारावाचून प्राण सोडीत आहेत, हा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ही साक्ष मराठीत झाली. अध्यक्ष हंटर यांनी ती इंग्रजीत आणवून स्वतंत्रपणे छापली. हिंदी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी १८८५ मध्ये जो लेडी डफरिन निधी उभा राहिला, त्याच्या मागील प्रेरणांत या साक्षीचीही गणना केली जाते.

दुसऱ्यांनी डॉक्टर व्हावे असे सांगून रमाबाई थांबल्या नाहीत. आपणच ही विद्या शिकावी, असे त्यांनी ठरविले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार १८८३ मध्ये उघडले, परंतु लंडनला १८७४ पासून केवळ स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा चालू होती. रमाबाईंची दृष्टी तिकडे लागली. पुण्यात काम करणाऱ्या वाँटेजच्या जोगिणींशी त्यांचा परिचय झालेला होता. भारतात येऊ घातलेल्या जोगिणींना मराठी शिकवावयाचे आणि त्याच्या बदल्यात आपला निर्वाह करावयाचा, असे ठरले. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची तजवीज झाली. एप्रिल १८८३ मध्ये दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही सहकारी यांच्यासह रमाबाई इंग्लंडला निघाल्या.

येथे एक योगायोग ध्यानी घेण्यासारखा आहे. त्याच एप्रिल महिन्यात कलकत्त्याहून आणखी एक मराठी स्त्री वैद्यक शिकण्यासाठीच समुद्रपार निघाली होती. ती अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी. नात्याने ती रमाबाईंची दूरची आप्त. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला होता आणि योग्य उपचारांच्या अभावी तो दहा दिवसांतच गेला होता. त्या दुःखातून तिचा डॉक्टर होण्याचा निश्चय झाला, असे तिच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. एकीचे मूल गेले म्हणून ती वैद्यकाकडे वळली, दुसरी मूल कडेवर घेऊन त्याच वाटेला लागली. पहिलीच्या पाठीशी नवरा होता, विक्षिप्त आणि हट्टी का होईना, पण बायकोच्या शिक्षणाचा ध्यास घेतलेला. दुसरीच्या पाठीशी कोणीच नव्हते. त्याच सुमारास कलकत्त्यात कादंबिनी गांगुली हिने वैद्यकीय महाविद्यालयात पाऊल टाकले. पुढे तिने मोठा संसार सांभाळून वैद्यकी केली आणि १८९३ मध्ये मुलांना मागे ठेवून विलायतेहून अधिक पदव्या मिळविल्या. तिलाही पती द्वारकानाथांचा भक्कम आधार होता. या तिघींची चरित्रे एकत्र वाचली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. बुद्धी आणि जिद्द तिघींजवळ सारखीच होती. फरक होता तो आधाराचा आणि शरीराने दिलेल्या साथीचा.

रमाबाईंना शरीराने दगा दिला. त्यांच्या कानांना कमी ऐकू येत असे आणि इंग्लंडात हा दोष अधिकच जाणवू लागला. त्या काळच्या वैद्यकात रोग्याच्या छातीवर नळी ठेवून श्वासाचा आणि हृदयाचा आवाज टिपणे हा निदानाचा पाया होता. व्याख्याने ऐकणे, रोग्याचे क्षीण स्वरातील म्हणणे समजून घेणे, हे तर त्याहून प्राथमिक. ज्या कामासाठी सातासमुद्रापलीकडे आलो ते काम आपल्याच्याने होणार नाही, हे पंचविशीतील या विधवेला तेथे गेल्यावर कळून चुकले. त्याच शरद ऋतूत आनंदीबाई भगत हिने मनाचा तोल जाऊन जीवनाचा अंत केला. त्याच सप्टेंबरात, २९ तारखेस, रमाबाईंनी आपल्या मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या दीक्षेवरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले आणि त्यांच्या चरित्राचा पुढील सारा भाग या एका घटनेच्या प्रकाशात वाचण्याची सवय आपल्याला लागली. परंतु त्याच काही महिन्यांत एका तरुण आईचे आयुष्यभराचे ठरविलेले कामही तिच्या हातून निसटले होते, याचे स्मरण ठेवले पाहिजे.

वैद्यक गेले तरी शिक्षण सोडावयाचे नाही, असा निर्धार करून रमाबाई १८८४ मध्ये चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्या स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवीत. मनोरमेला मात्र बराच काळ वाँटेजच्या जोगिणींपाशी ठेवावे लागले. पुढच्या काळातील पत्रव्यवहारावरून दिसते की, या मुलीच्या संगोपनावरून रमाबाई आणि त्यांची धर्ममाता असलेली सिस्टर जेराल्डीन यांच्यात वारंवार खटके उडाले. मुलीने काय खावे, कोणती भाषा बोलावी, प्रार्थना कशी करावी आणि मोठेपणी ती इंग्लिश व्हावी की हिंदी, हे कोणी ठरवावयाचे, हा वाद होता. रमाबाई जन्मभर शाकाहारी राहिल्या आणि मुलीनेही तसेच राहावे, आपल्या मायदेशाला परकी होऊ नये, याविषयी त्या जागरूक होत्या. वरवर पाहता हे वाद क्षुल्लक भासतात. वस्तुतः शिकण्यासाठी मूल दुसऱ्याच्या हाती सोपविणाऱ्या प्रत्येक आईची ती व्यथा आहे. जो मूल सांभाळतो तो हळूहळू मुलावर अधिकारही सांगू लागतो, मग तो सांभाळणारा मठ असो, सासर असो की माहेर. उपकार घ्यावे लागतात आणि उपकाराची किंमत म्हणून आईपणातला वाटा द्यावा लागतो. रमाबाईंनी उपकार नाकारले नाहीत, परंतु वाटाही सोडला नाही.

१८८६च्या प्रारंभी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली यांचे निमंत्रण आले. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास रमाबाईंनी उपस्थित राहावे, अशी ती विनंती होती. मनोरमेला घेऊन त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली. तिचा प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. जी पदवी स्वतः मिळवावी म्हणून घर सोडले होते ती आपल्या आप्त मुलीला मिळताना रमाबाईंनी पाहिली. या आनंदाला लवकरच दृष्ट लागली. क्षयाने पोखरलेल्या आनंदीबाई त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु तेथे रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकवीस. पदवी मिळाली आणि आयुष्य राहिले नाही, अशी एकीची गती झाली. दुसरीला आयुष्य उरले होते, पदवी मिळणार नव्हती. त्या उरलेल्या आयुष्याचे काय करावयाचे याचे उत्तर रमाबाईंनी अमेरिकेतच शोधले.

फिलाडेल्फियात त्यांनी बालोद्यान शिक्षणाचा, म्हणजे फ्रोबेलच्या पद्धतीचा अभ्यास केला. मुलांसाठी मराठी पाठ्यपुस्तकांची तयारी केली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याला बॉडलीबाईंची प्रस्तावना होती. शहरोशहरी व्याख्याने देऊन त्यांनी बालविधवांच्या शिक्षणासाठी मदत मागितली. त्या वर्षअखेर बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि दहा वर्षे साहाय्य करण्याचे अभिवचन त्याने दिले. या भ्रमणकाळात मनोरमेला काही काळाने पुन्हा इंग्लंडात पाठवावे लागले. परक्यांच्या मुलींसाठी झोळी पसरणारी आई आपल्या मुलीपासून महासागराच्या अंतरावर होती. या विसंगतीचा बोभाटा रमाबाईंनी कधी केला नाही. तिची त्यांना जाणीव नव्हती असे मात्र कोणी म्हणू नये.

१८८९च्या फेब्रुवारीत त्या मुंबईस परतल्या आणि ११ मार्च रोजी शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंना पदवी मिळाली तीच ही तारीख. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. हीच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली आणि बाया कर्वे म्हणून महाराष्ट्राला परिचित झाली. सदन पुढील वर्षी पुण्यास आले. १८९३ मध्ये तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या आरोपावरून मोठा गदारोळ झाला. केसरीने कठोर टीका केली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. आपल्या प्रार्थनेचे दार उघडे ठेवणाऱ्या रमाबाईंनी पालकांच्या विश्वासाचा पुरेसा विचार केला नाही, हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. त्याचबरोबर ज्यांनी मुली परत नेल्या त्यांनी त्या मुलींसाठी दुसरी कोणती शाळा काढली होती, हाही प्रश्न विचारावाच लागतो. त्या प्रश्नाचे विधायक उत्तर कर्व्यांनी १८९६ मध्ये आपल्या विधवाश्रमाच्या रूपाने दिले. रमाबाईंचे ऋण असे त्यांच्या मतांशी सहमत नसलेल्यांच्या कार्यातही उतरले आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. आई, वडील, बहीण यांना दुष्काळात गमावलेल्या या स्त्रीला भूक म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते. पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि निर्बंध कडक होते. प्लेगच्या रुग्णालयात स्त्री-रुग्णांची जी दैना होत होती तिच्याविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९००च्या दुष्काळानंतर तर तेथे एक वसाहतच वसली. शाळा, छापखाना, विणकाम, तेलघाणा, शेती, गोठा आणि आजाऱ्यांची शुश्रूषा अशी सारी कामे स्त्रियाच करीत. कडेवर मूल घेऊन आलेल्या बाईला तेथे परत पाठविले जात नसे. मूल बालवर्गात, आई कामावर किंवा वर्गात, अशी व्यवस्था होती. पुण्यात आणि वाँटेजला जे रमाबाईंना हवे होते आणि पुरते मिळाले नाही, ते त्यांनी दुसऱ्या आयांसाठी निर्माण केले.

मनोरमा या कार्यात आईची उजवी भुजा ठरली. इंग्लंड-अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमेने शारदा सदनच्या शाळेची धुरा वाहिली आणि अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्यात पुढाकार घेतला. मुंबई विद्यापीठाची पदवी तिने वयाच्या पस्तिशीपुढे, कामाच्या रगाड्यातून मिळविली. उशिरा शिकण्याचा वारसा जणू मायलेकींत चालत आला. निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढण्यातही तिचा वाटा मोठा होता. गंगाखेड आणि सारा परभणी जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता आणि तेथील मुलींच्या शिक्षणाचे दारिद्र्य सर्वश्रुत होते. एवढे करून या मुलीची प्रकृती खालावली. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या रुग्णालयात तिचे निधन झाले. चाळीस वर्षांपूर्वी जिला कडेवर घेऊन रमाबाईंनी पुण्याची वाट धरली होती ती अशी आईआधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला.

या चरित्रातून आजच्या आईने काय घ्यावे? आज वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीने दिसते. परंतु पदवीनंतरचा विशेष अभ्यास, रात्रपाळीची निवासी सेवा आणि पहिले बाळंतपण ही तिन्ही बहुधा एकाच वयात येतात. लग्नानंतर परिचर्येकडे किंवा वैद्यकाकडे वळू पाहणारीला तर आरंभीच वय झाल्याचे सांगितले जाते. अशा वेळी समाज तिच्याकडून तारेवरची कसरत मागतो आणि ती साधली की तिचा सत्कार करतो. रमाबाईंचे आयुष्य सांगते की, ही कसरत एकटीने करावयाची गोष्टच नव्हे. लक्ष्मीबाईंनी झोप मोडून शिकविले, कादंबिनीला नवऱ्याने साथ दिली, रमाबाईंना जोगिणींचे उपकार घ्यावे लागले. प्रत्येकीच्या मागे कोणाचा तरी हात होता आणि जेथे हात अपुरा पडला तेथे किंमत आईने नाही तर मुलाने मोजली. म्हणूनच रुग्णालयाला लागून पाळणाघर, प्रसूतीनंतर अभ्यासक्रमात परत येण्याची मुभा आणि घरात नवऱ्याच्या वाट्याला आलेले रात्रीचे जागरण या सवलती नव्हेत. डॉक्टर घडविण्याच्या खर्चाचाच तो एक भाग आहे.

रमाबाई डॉक्टर झाल्या नाहीत. परंतु बाईच्या दुखण्याला बाई-डॉक्टर हवी, ही मागणी त्यांनी मूल मांडीवर असताना केली आणि ती पुरी होण्यासाठी बाईला प्रथम शिकण्याची सवड हवी, हे पुढची चाळीस वर्षे करून दाखविले. जनाबाईच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला, ही श्रद्धा गंगाखेडपासून पंढरपूरपर्यंत आजही जिवंत आहे. तिचा अर्थ एवढाच घेतला तरी पुरे की, दुसऱ्याचे जाते ओढण्यात देवालाही कमीपणा वाटत नाही. मग तो माणसांना का वाटावा?